लांब पल्ल्यासाठी अमिनो अ‍ॅसिडचे डबे: पावडर, कॅप्सूल आणि तयार मिश्रणांचं परीक्षण

मॅरेथॉन, लांब सायकलिंग, ट्रायथलॉन अशा तासन्‌तास चालणाऱ्या व्यायामासाठी विकल्या जाणाऱ्या अमिनो अ‍ॅसिडच्या डब्यांवर जवळपास सगळीकडे एकच आश्वासन छापलेलं असतं: थकवा उशिरा येईल. या परीक्षणात चार प्रकार घेतले आहेत. नुसती बीसीएए पावडर (ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीनच अमिनो अ‍ॅसिड), नऊही आवश्यक अमिनो अ‍ॅसिड असलेली ईएए पावडर, कॅप्सूल, आणि कॅफीन, क्षार, साखर वगैरे घातलेली तयार मिश्रणं. ब्रँडवार क्रम लावलेला नाही. एकाच प्रकारातल्या दोन डब्यांत फरक असतो तो बहुतेक चवीचा आणि विरघळण्याचा. प्रकाराप्रकारांतला फरक मात्र मोठा आहे, आणि तो लेबलवरच्या आकड्यांत दिसतो.

निकाल आधीच सांगतो. थकवा लांबवण्यासाठी म्हणून नुसती बीसीएए पावडर किंवा कॅप्सूल घेण्यात अर्थ नाही. तयार मिश्रणांचा गुण येतो, पण तो त्यातल्या कार्ब्सचा (कर्बोदकांचा) आणि कॅफीनचा. ईएएला एक लहानशी पण खरी जागा आहे, आणि ती व्यायाम संपल्यानंतरची आहे.

दावा आला कुठून

हा दावा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकून आहे. ऑक्सफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ एरिक न्यूजहोम यांनी १९८७ च्या सुमारास मध्यवर्ती थकव्याची कल्पना मांडली. थकवा फक्त पायांत नसतो, मेंदूतही असतो, हा तिचा गाभा. ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो अ‍ॅसिड. रक्तातलं बहुतेक ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरत असतं. व्यायाम लांबला की शरीर चरबी मोडायला घेतं आणि रक्तात मुक्त फॅटी अ‍ॅसिड वाढतात. तीही अल्ब्युमिनलाच चिकटतात, त्यामुळे ट्रिप्टोफॅन सुटं होतं. मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅन ज्या वाहकाचा आधार घेतं, तोच वाहक ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांचाही असतो. तिकडे स्नायू हे तिघे जाळत असतात, त्यामुळे त्यांची रक्तातली पातळी उतरते. वाहकावरची गर्दी कमी होते, ट्रिप्टोफॅन जास्त आत जातं, त्यापासून सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन बनतं आणि माणसाला थांबावंसं वाटायला लागतं. मग हे तिघे, म्हणजेच बीसीएए, बाहेरून पाजले तर ट्रिप्टोफॅनची वाट अडेल, असा सरळ हिशोब.

कागदावर तो सुबक आहे. प्रत्यक्षात काय झालं ते पाहू.

१९९१ मध्ये ब्लॉमस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांना बीसीएए देऊन पाहिलं. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. मंद आणि वेगवान असे दोन गट पाडल्यावर मंद गटात सुधारणा दिसली. पुढे जाहिरातींनी उचलला तो हाच अर्धा भाग. गट नंतर पाडले होते, आणि शर्यतीत कोण काय खातंय-पितंय यावर प्रयोगशाळेसारखं नियंत्रण नव्हतं. १९९५ मध्ये व्हॅन हॉल आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न जास्त काटेकोरपणे तपासला. सराव असलेल्या १० सायकलपटूंना साखरेच्या पाण्यातून कधी नुसती साखर, कधी ट्रिप्टोफॅन, कधी थोडे बीसीएए (लिटरला ६ ग्रॅम), कधी भरपूर बीसीएए (लिटरला १८ ग्रॅम) दिले. चारही वेळा दमून थांबण्याची वेळ सारखीच निघाली. मेंदूत थकवा आणणारं म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, ते ट्रिप्टोफॅन मुद्दाम पाजूनही कुणी लवकर थांबलं नाही. आमच्या मते या सगळ्या वादात सर्वांत बोलका निष्कर्ष हाच आहे. भरपूर बीसीएए दिल्यावर रक्तातला अमोनिया मात्र वाढला, आणि वाढलेला अमोनिया स्वतःच थकव्याशी जोडला जातो.

१९९६ मध्ये १०० किलोमीटरच्या सायकल टाइम ट्रायलमध्ये (घड्याळाविरुद्धच्या चाचणीत) ग्लुकोजसोबत बीसीएए देऊनही वेळ सुधारला नाही. उन्हातल्या व्यायामाबद्दल चित्र थोडं वेगळं आहे. १९९८ च्या एका अभ्यासात ३४ अंश तापमानात हलक्या तीव्रतेचा व्यायाम बीसीएए घेऊन जास्त वेळ टिकला. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात ३० अंशांत काहीच फरक पडला नाही. व्यायाम किती जड वाटतो याचे गुण बीसीएएने थोडे खाली येतात असंही काही ठिकाणी दिसलं आहे, पण त्या मंडळींचं प्रत्यक्ष काम वाढलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बीसीएएवरचे दावे तपासले. त्यात व्यायामानंतर स्नायूंचा थकवा लवकर जातो, व्यायाम कमी जड वाटतो, हे दावेही होते. कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा तिचा निर्वाळा होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेली पूरकं म्हणून पाच नावं आहेत: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलॅनिन आणि बायकार्बोनेट. त्यांत बीसीएए नाहीत.

तेच काम कार्ब्स जास्त चांगलं करतात

न्यूजहोम यांचीच मांडणी शेवटपर्यंत नेली तर उत्तर बीसीएएच्या डब्यात सापडत नाही. व्यायाम चालू असताना कार्ब्स घेतले की इन्सुलिन थोडं वर राहतं, मुक्त फॅटी अ‍ॅसिड कमी सुटतात आणि ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनलाच चिकटून राहतं. शिवाय रक्तातली साखर टिकते आणि यकृतातल्या ग्लायकोजेनवरचा (साठवलेल्या साखरेवरचा) ताण कमी होतो. एक ते अडीच तासांच्या व्यायामाला तासाला ३० ते ६० ग्रॅम, त्यापुढे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज २:१ या प्रमाणात मिसळून तासाला ९० ग्रॅमपर्यंत, हे आकडे आता सर्वमान्य आहेत. अर्थात ९० ग्रॅम पोटाला पहिल्या दिवशी सोसत नाहीत. सरावात काही आठवडे हळूहळू वाढवावे लागतात.

मेंदूतल्या थकव्याबद्दल तर आणखी एक गोष्ट आहे. कार्ब्सचं पाणी नुसतं तोंडात खुळखुळवून थुंकलं तरी तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये कामगिरी सुधारते, हे २००४ पासून दिसत आलं आहे. कृत्रिम गोडीने तसं होत नाही. बहुतेक बीसीएए पावडरी बिनसाखरेच्या आणि सुक्रालोजने गोड केलेल्या असतात, म्हणजे हा फायदाही त्यांच्या वाट्याला येत नाही. "शून्य कॅलरी" हा तर दोष समजायला हवा. चार तास सायकल चालवणाऱ्याला कॅलरीच हव्या असतात. आणि तो आकडा खराही नाही: १० ग्रॅम अमिनो अ‍ॅसिडमध्ये साधारण ४० कॅलरी असतातच.

अमिनो अ‍ॅसिड इंधन म्हणून जळत नाहीत असं नाही. पण लांब व्यायामात एकूण ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, ग्लायकोजेन संपत आल्यावर १० टक्क्यांपर्यंत. त्यासाठी चालत्या व्यायामात वेगळी पावडर पिण्याची निकड नाही.

बाटलीत काय होतं

पावडर कार्ब्सच्या बाटलीतच टाकायची, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. पोट बिघडण्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, म्हणून हिशोब नीट करून पाहू.

अर्धा लिटर पाण्यात २:१:१ प्रमाणातले १० ग्रॅम बीसीएए टाकले, म्हणजे ५ ग्रॅम ल्युसिन, अडीच ग्रॅम आयसोल्युसिन, अडीच ग्रॅम व्हॅलिन. विरघळलेल्या कणांच्या हिशोबाने हे लिटरमागे सुमारे १५५ मिलिऑस्मोल (द्रवातले विरघळलेले कण मोजण्याचं एकक) होतं. त्याच बाटलीत ३० ग्रॅम ग्लुकोज टाकलं की त्याचे सुमारे ३३० वेगळे. मीठ धरलं तर एकूण ५०० च्या घरात. रक्ताचा आकडा २९० च्या आसपास असतो. इतकं घट्ट द्रव आतड्यात गेलं की सुरुवातीला पाणी शरीरात शोषलं जायच्या ऐवजी आतड्याकडे ओढलं जातं. पोट डचमळतं, पेटके येतात, शौचाला धावावं लागतं. आणि दोष दिला जातो एनर्जी जेलला किंवा उन्हाला. ग्लुकोजऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन वापरलं तर त्याच वजनात कण कितीतरी कमी असतात आणि आकडा बराच खाली येतो. अमिनो अ‍ॅसिड घ्यायचेच असतील तर वेगळ्या बाटलीत, जास्त पाण्यात घ्यावेत. १० ग्रॅमला किमान ७०० मिलिलिटर पाणी धरा.

विरघळण्याबद्दल. ल्युसिन पाण्याला फटकून असतं. साधी, प्रक्रिया न केलेली पावडर पाण्यावर तरंगते आणि बाटलीच्या कडांना पांढरी कड धरून बसते. म्हणून उत्पादक तिच्यावर लेसिथिनचा पातळ थर देतात. लेबलवर "इन्स्टंट" लिहिलेलं असतं ते यासाठी. लेसिथिन सोयाचं की सूर्यफुलाचं हे अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी वाचून घ्यावं. थर दिलेली पावडरही घाईने हलवली तर फेस धरते. झाकण घट्ट लावून सायकलच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या बाटलीत हा फेस तासभर राहतो, आणि पिळून पिताना पाण्याबरोबर हवा पोटात जाते. पोट फुगण्याचं हे साधं कारण फारसं कुणी लक्षात घेत नाही. पाणी आधी दोन तृतीयांश भरा, त्यावर पावडर टाका, एकदाच हलवा, दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा, फेस बसल्यावर उरलेलं पाणी घालून बाटली भरा. थंडगार पाण्यापेक्षा साध्या तापमानाच्या पाण्यात लवकर विरघळते. थंड करायची असेल तर नंतर करा.

कडवटपणा झाकण्यासाठी सायट्रिक किंवा मॅलिक अ‍ॅसिड भरपूर घातलेलं असतं. अशी बाटली चार तास घोट-घोट पीत राहिलं की दातांवरचं इनॅमल झिजतं. प्रत्येक दोन-तीन घोटांनंतर साध्या पाण्याचा एक घोट घेतला की बरंच निभावतं.

चारही प्रकारांबद्दल

बीसीएए पावडर: थकव्यासाठी नको. व्यायामानंतरचं अंग दुखणं काही अभ्यासांत थोडं कमी झालेलं दिसतं, परिणाम लहान आहे. स्नायू भरून येण्याबद्दल २०१७ च्या एका अभ्यासात वजनाच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएएने स्नायूंतली प्रथिननिर्मिती २२ टक्क्यांनी वाढली, पण तेवढेच बीसीएए असलेल्या व्हे (दुधातून काढलेल्या) प्रथिनाने आधीच्या अभ्यासांत दिसलेल्या वाढीच्या ती जवळपास निम्मी होती. कारण उघड आहे. नवं प्रथिन बांधायला नऊही आवश्यक अमिनो अ‍ॅसिड लागतात. तीनच बाहेरून दिले तर उरलेले सहा शरीर आपल्याच स्नायूंतून काढून आणणार. ८:१:१ सारख्या प्रमाणांच्या मागे तर अजिबात लागू नये. ल्युसिन एकटंच खूप वाढवलं की रक्तातलं आयसोल्युसिन आणि व्हॅलिन उलट खाली जातं, शिवाय पावडर जास्त कडू आणि विरघळायला जास्त हट्टी होते.

ईएए पावडर: चारही प्रकारांत हिच्याबद्दल आमचं मत सर्वांत चांगलं आहे, पण डब्यावर लिहिलेल्या कारणासाठी नाही. अनेक ईएए डब्यांवर मेंदूतला थकवा रोखण्याचा दावा असतो, आणि घटकांच्या यादीत ट्रिप्टोफॅनही असतं! फेनिलअ‍ॅलॅनिन आणि मेथिओनिनही त्याच वाहकावर गर्दी करतात. म्हणजे ज्या तर्कावर दावा उभा आहे, तो तर्क या डब्याला लागूच पडत नाही. तिचा खरा उपयोग असा: तीन-चार तासांच्या सरावानंतर अन्नाची शिसारी येते, जड काही खाली उतरत नाही, आणि पुढचं जेवण दोन तास लांब आहे. अशा वेळी ल्युसिन अडीच ते तीन ग्रॅम असलेले ८ ते १२ ग्रॅम ईएए पाण्यातून सहज जातात आणि लवकर शोषले जातात. सोबत कार्ब्स घ्यायचेच, ग्लायकोजेन ईएएने भरत नाही. पण २५ ग्रॅम व्हे प्रथिन पचत असेल तर त्यातही अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन आणि बाकीचं सगळं असतंच, मग ईएए वेगळी घ्यायची गरज नाही. दिवसाचं एकूण प्रथिन वजनाच्या किलोमागे १.२ ते १.८ ग्रॅम होत असेल तर दोन्ही नसले तरी चालतं.

कॅप्सूल: मोठ्या आकाराच्या एका कॅप्सूलमध्ये अर्धा ते पाऊण ग्रॅम मावतं. अभ्यासांत वापरलेल्या १० ग्रॅमपर्यंत पोचायला १४ ते २० कॅप्सूल. विषय संपला.

तयार मिश्रणं: इथे लेबल सावकाश वाचावं लागतं, कारण गुण कशाचा आणि नाव कुणाचं याची सरमिसळ इथेच होते. कॅफीन पाहा. किलोमागे ३ मिलिग्रॅम ही उपयोगी मात्रा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम; ६ च्या वर फायदा वाढत नाही, हात थरथरणं आणि झोप उडणं वाढतं. स्कूपमध्ये १०० मिलिग्रॅम असेल आणि तासाला एक स्कूप घेत गेलात तर पाच तासांत ५०० होतात, हे शर्यतीच्या गडबडीत विसरतं. जेलमध्येही कॅफीन असेल तर तेही यात मिळवा. सोडियम पाहा. लांब व्यायामाच्या पेयात लिटरमागे साधारण ४६० ते ६९० मिलिग्रॅम हवं. "इलेक्ट्रोलाइट्स" असं ठळक छापलेल्या डब्यात एका स्कूपला अनेकदा १०० मिलिग्रॅमही नसतं. कार्ब्स पाहा. एका स्कूपला १५ ग्रॅम असतील तर तासाला ६० ग्रॅमसाठी चार स्कूप लागतील, आणि मग कॅफीनही चौपट. अशी मिश्रणं मुख्य इंधन म्हणून वापरता येत नाहीत, ती गणितातच बसत नाहीत.

मिश्रणांतले बाकीचे पाहुणे. बीटा-अ‍ॅलॅनिनने त्वचेला मुंग्या येतात आणि "चढतंय" असं वाटतं. एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं की बहुतेकांना तसं होतं, त्याचा कामगिरीशी संबंध नाही. ते रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम, किमान चार आठवडे घेतल्यावर स्नायूंतली आम्लता आवरणारं कार्नोसिन साठतं आणि एक ते चार मिनिटांच्या जोरकस प्रयत्नांना मदत होते. शर्यतीच्या सकाळी एक स्कूप घेऊन काही होत नाही. टायरोसिन या अमिनो अ‍ॅसिडने उन्हातली सहनशक्ती वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं होतं, नंतरच्या अभ्यासांत तसं पुन्हा दिसलं नाही. ग्लुटामिन हे अमिनो अ‍ॅसिड मॅरेथॉननंतरची प्रतिकारशक्ती राखतं हा दावाही टिकलेला नाही.

डबा निवडताना आणि ठेवताना

एका स्कूपचं वजन आणि त्यातल्या अमिनो अ‍ॅसिडांची बेरीज ताडून पाहा. स्कूप १२ ग्रॅमचा आणि बीसीएए ५ ग्रॅम असतील, तर उरलेले ७ ग्रॅम काय आहेत हे घटकांच्या यादीतून कळायला हवं. "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून एकच एकत्रित आकडा दिला असेल तर तो डबा परत ठेवा. प्रत्येक घटकाची मात्रा लपवण्याखेरीज त्याचा ग्राहकाला काही उपयोग नाही. स्कूपवर विसंबू नका, मापी वजनकाट्यावर मोजा. वाहतुकीत पावडर दबून बसते आणि तळाचा स्कूप वरच्यापेक्षा जड भरतो.

शाकाहारी लोकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ल्युसिन जंतूंच्या साहाय्याने वनस्पतिजन्य साखर आंबवूनही बनवतात आणि पिसं किंवा केस यांतल्या केराटिनपासूनही काढतात. लेबलवर "फर्मेंटेड" किंवा "व्हेगन" असा स्पष्ट उल्लेख नसेल तर उत्पादकाला विचारावं.

साखर असलेल्या मिश्रणात ओलावा गेला की अमिनो अ‍ॅसिड आणि ग्लुकोज यांची एकमेकांशी क्रिया होऊन पावडर पिवळसर, मग तपकिरी होते. यात लायसिनचं नुकसान सर्वांत आधी होतं. नुसते गोळे झाले असतील आणि रंग-वास पहिल्यासारखा असेल तर फोडून वापरता येते. रंग बदलला असेल तर टाकून द्या. ओला स्कूप परत डब्यात टाकू नये, हे बहुतेक वेळा पाळलं जात नाही.

आपल्याला गुण येतो का हे तपासायचंच असेल तर एकाच मार्गावर, आदल्या दिवशीचं जेवण आणि तासाचे कार्ब्स तंतोतंत सारखे ठेवून, दुसऱ्या कुणाकडून बाटल्या भरून घ्या. कोणत्या बाटलीत काय आहे ते शेवटपर्यंत विचारू नका. दुसऱ्या बाटलीत तीच चव, तीच आंबटगोडी, थोडा कडवटपणाही हवा, नाहीतर पहिल्याच घोटात ओळख पटते. वेग किंवा वॉट आणि व्यायाम किती जड वाटला याचा आकडा दर अर्ध्या तासाने लिहा, आणि दोन्ही बाटल्या प्रत्येकी किमान तीन वेळा घेऊन मगच नोंदी उघडा.

मेपल सिरप युरिन डिसीज हा आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी बीसीएए घेऊच नयेत, त्यांचं शरीर ते मोडू शकत नाही. फेनिलकिटोन्युरिया (फेनिलअ‍ॅलॅनिन मोडू न शकण्याचा आनुवंशिक आजार) असणाऱ्यांना ईएए आणि अ‍ॅस्पार्टेम असलेले डबे दोन्ही वर्ज्य. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण ते औषधही त्याच वाहकावरून मेंदूत जातं आणि अमिनो अ‍ॅसिड त्याची वाट अडवतात. यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि गरोदरपण यांतही आधी डॉक्टर.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी: शरीरात सापडलेल्या प्रत्येक प्रतिबंधित पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच असते, भेसळ उत्पादकाकडे झाली असली तरीही. "इन्फॉर्म्ड स्पोर्ट" किंवा "एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट" या प्रतिबंधित पदार्थांसाठी तपासणी करणाऱ्यांचं चिन्ह डब्यावर असेल तर तेवढ्यावर थांबू नका. डब्याच्या तळाशी किंवा झाकणावर छापलेला बॅच नंबर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, आणि डबा संपेपर्यंत त्या पानाचा फोटो आणि सील न तोडलेला त्याच बॅचचा एक डबा जवळ ठेवा.